बातमी पारखण्याची विद्या

शिंदखेडा हें बुराई नदीकांठचें, धुळें जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. सुरत–भुसावळ लोहमार्ग त्या गांवावरून जातो. खानदेशांतील अशा गांवांत बातमी पूर्वीं तीन वाटांनीं येई: चावडीवरून दवंडीनें, आठवड्याच्या बाजारांतून माणसांच्या तोंडीं, आणि पुढें आगगाडीनें वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांतून. या तिन्ही वाटांत एक गोष्ट समान होती. बातमी आणणारा कोण, हें ऐकणारास बहुधा ठाऊक असे. दवंडी पिटणारा गांवचाच. बाजारांत बोलणारा कोणा ना कोणाच्या ओळखीचा. आणि वर्तमानपत्रावर छापणाराचें व प्रकाशकाचें नांव असलेंच पाहिजे, असा निर्बंध १८६७ च्या कायद्यानें घातला होता. या वाटांनीं खोटें येत नसे, असें मुळींच नव्हे; पण खोट्याला धनी असे.

मोबाइलवर येणाऱ्या निरोपाला असा धनी उरलेला नाहीं. तो शेजाऱ्याकडून येतो, शेजाऱ्याला मेव्हण्याकडून आलेला असतो, आणि मूळ सांगणारा कोण हें कोणासच सांगतां येत नाहीं. शेजाऱ्यावरील विश्वास मात्र त्या निरोपाला आयता मिळतो. साक्षरता म्हणजे अक्षरओळख, हा अर्थ अशा काळांत अपुरा पडतो. जें वाचलें, ऐकलें किंवा पाहिलें तें कोणीं सांगितलें, त्याला तें कशावरून कळलें, आणि तें आपल्यापर्यंत कां पोहोंचविलें, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय म्हणजे माध्यमसाक्षरता.

ही संवय नसली म्हणजे काय घडतें, हें धुळें जिल्ह्यानें १ जुलै २०१८ रोजीं पाहिलें. शिंदखेड्याप्रमाणेंच त्या जिल्ह्यांत मोडणाऱ्या साक्री तालुक्यांत राईनपाडा हें आदिवासी वस्तीचें गांव आहे. त्या रविवारीं गांवचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षेवर निर्वाह करणारे पांच पुरुष तेथें आले. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप त्यापूर्वींच मोबाइलवरून त्या भागांत पसरले होते. पांचांपैकीं एकजण लहान मुलीशीं बोलूं लागला, एवढ्यावरून संशय धरला गेला. जमावानें पांचहि जणांस मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें, आणि त्या मारांत ते प्राणांस मुकले. त्याच रात्रीं मालेगांवांत अशाच संशयावरून लोकांनीं घेरलेल्या पांच जणांस पोलिसांनीं कसेंबसें सोडविलें. त्यांत एक लहान मूलहि होतें. मुलें पळविणारी टोळी ही निव्वळ अफवा होती.

त्या वर्षीं देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकीं एक विचार करण्याजोगी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यांतील मुलास उचलून नेतात, एवढेंच तींत दिसे. मूळ चित्रफीत कराचींतील एका संस्थेनें, पालकांनीं मुलांना जपावें म्हणून, तयार केलेली होती. तिच्या शेवटीं ते दोघे मूल परत आणून सोडतात व सावधगिरीचा फलक दाखवितात. हा शेवट कोणीं तरी कापून टाकला. उरलेला भाग डोळ्यांना खराच दिसत होता. त्यांत वाचावयाचें असें कांहींच नव्हतें. म्हणून तिच्यापुढें निरक्षर व पदवीधर सारखेच असहाय होते.

अर्धवट पुराव्याची ही अडचण इतिहासाच्या अभ्यासकांना फार दिवसांची परिचित आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निधन झालें. त्यांचें सारें आयुष्य याच अडचणीशीं झुंजण्यांत गेलें होतें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें होतीं. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं बखरींतील व ग्रँट डफच्या ग्रंथांतील माहिती कसून तपासली. बखर ही बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं, ऐकीव माहितीवर लिहिलेली असते. पत्र हें त्या घडामोडींतील माणसानें त्याच वेळीं लिहिलेलें असतें. म्हणून बखरीजवळ पत्र ठेवून दोन्ही ताडून पाहावयाचीं, ही त्यांची शिस्त. त्यांच्या मागें १९२७ सालीं धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. मोबाइलवरील निरोप बखरीच्याहि खालच्या पायरीवर उभा आहे. बखरीला निदान कर्ता तरी असतो.

मात्र राजवाड्यांची शिस्त लहान मुलाकडून अपेक्षितां येत नाहीं. ही विद्या वयाप्रमाणें पायरीपायरीनें येते. चार-पांच वर्षांचें मूल कार्यक्रम कोणता व जाहिरात कोणती हें पुष्कळदां ओळखतें. पण जाहिरात आपल्याला भुलवावयास आली आहे, हें त्याला उमगत नाहीं. तो हेतु सात-आठ वर्षांच्या सुमारास कळूं लागतो, असें बालमानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. या वयांत उपदेशापेक्षां प्रत्यक्ष कृति अधिक शिकविते. शिंदखेड्याच्याच लोहमार्गावर पूर्वेस अमळनेर आहे. तेथें प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत शिक्षक होते, आणि वसतिगृहांतील मुलांसाठीं ते ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत. बातमीपत्र ओळखीच्या माणसाच्या हातून लिहिलें जातें, त्यांत कांहीं घेतलें जातें व कांहीं वगळलें जातें, हें अशा मुलांना कोणीं मुद्दाम सांगावें लागत नाहीं. आजहि घरांत किंवा वर्गांत मुलांनीं स्वतः एखादें भित्तिपत्रक काढलें, तर हाच धडा मिळतो.

पुढची पायरी पंधरा वर्षांच्या सुमाराची. महाराष्ट्रांत दहावीचें इतिहासाचें जें नवें पाठ्यपुस्तक २०१८ सालीं, म्हणजे राईनपाड्याच्याच वर्षीं आलें, त्यांत प्रसारमाध्यमांवर एक प्रकरण होतें, आणि त्यांत ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाची हकीकत होती. या साप्ताहिकानें हिटलरच्या म्हणून कांहीं रोजनिशा फार मोठी रक्कम देऊन विकत घेतल्या व १९८३ सालीं गाजावाजा करून जाहीर केल्या. तपासाअंतीं त्यांचा कागद महायुद्धानंतरचा निघाला. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारानेंहि प्रथम त्या खऱ्या मानल्या होत्या.

यावरून दिसतें कीं, वय व विद्वत्ता यांच्याबरोबर ही पारख आपोआप वाढत नाहीं. अमेरिकेंतील २०१६ च्या निवडणुकीच्या काळाविषयींचा एक अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांवरील मजकूर फेसबुकवर इतरांना दाखविण्याचें प्रमाण पासष्टीपुढील लोकांत तिशीच्या आंतील तरुणांच्या जवळजवळ सातपट आढळलें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१७ सालीं मांडलेल्या दुसऱ्या अभ्यासांत १० इतिहासकार, २५ विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणें हाच ज्यांचा व्यवसाय, असे १० जण यांच्यापुढें कांहीं संकेतस्थळें ठेवलीं होतीं. इतिहासकार व विद्यार्थी पुढ्यांतील पान न्याहाळीत बसले, त्याच्या नीटनेटक्या मांडणीला भुलले व पुष्कळदां फसले. व्यवसायी तपासनीसांनीं तें पान तसेंच सोडलें, त्या संस्थेविषयीं इतरत्र काय लिहिलें आहे हें पाहिलें, आणि थोडक्या वेळांत त्यांना खरें काय तें कळलें. राजवाड्यांनीं बखरीजवळ पत्र ठेवलें, त्याच जातीची ही युक्ति होय.

राईनपाड्यानंतर, त्याच जुलै महिन्यांत, व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास बंदी केली. केरळांतील कण्णूर जिल्ह्यांत त्या वर्षीं सुमारें १५० सरकारी शाळांतून खोटा निरोप ओळखण्याचे वर्ग झाले. बंदीनें वेग कमी होतो, पारख वाढते ती शिक्षणानें. आणि तें शिक्षण केवळ शाळेवर सोंपवून चालणार नाहीं. घरांत नातवाला यंत्राच्या खुब्या ठाऊक असतात, आजोबांना माणसांचे स्वभाव ठाऊक असतात. आलेला निरोप पुढें धाडण्यापूर्वीं दोघांनीं मिळून तो तपासला, तर दोघांचाहि लाभ आहे.

कोणत्या गांवचें मूल नाहींसें झालें, त्याच्या आईबापांचें नांव काय, तक्रार कोणत्या ठाण्यांत नोंदली आहे, हे प्रश्न विचारावयास राईनपाड्याच्या बाजारांत कसलेंहि यंत्र लागत नव्हतें. त्यांना उत्तर मिळालें नसतें, कारण तसें मूलच नव्हतें. आणि पांच माणसें संध्याकाळीं आपल्या बायकामुलांत परत गेलीं असतीं.