हुमणी

हुमणी (शास्त्रीय नाव: होलोट्रायकिया सेराटा) ही जमिनीत राहून पिकांची मुळे खाणारी बहुभक्षी कीड आहे. वस्तुतः हुमणी हे एका भुंगेऱ्याच्या अळीचे नाव असून तिला उन्नी, उकरी असेही म्हणतात. परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात ऊस, सोयाबीन, हळद, भुईमूग आदी पिकांना तिचा उपद्रव होतो.

== जीवनक्रम ==
या किडीची वर्षातून एकच पिढी होते. भुंगेरा कोषातून हिवाळ्यातच बाहेर येतो. मात्र उन्हाळा संपेपर्यंत तो मातीतच सुप्तावस्थेत राहतो. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस पडून जमीन ओली झाली, की सायंकाळी भुंगेरे एकाच वेळी मोठ्या संख्येने वर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमून ते पाला खातात. तेथेच नर-मादीचे मीलन होते. पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी सुमारे ५० ते ६० अंडी मातीत घालते.

अळी पांढुरकी, इंग्रजी 'सी' अक्षराप्रमाणे वाकलेली व तपकिरी डोक्याची असते. प्रारंभी ती कुजके सेंद्रिय पदार्थ व तंतुमुळे खाते. तिसऱ्या अवस्थेतील अळी सर्वाधिक नुकसान करते. त्या वेळी झाडे पिवळी पडून वाळतात व हलक्या हाताने उपटली जातात. लक्षण दिसेपर्यंत मुळे बहुधा खाल्लेली असतात, आणि मातीतील मोठ्या अळीपर्यंत औषध पोहोचणेही कठीण असते.

== नियंत्रण ==
म्हणूनच पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी महत्त्वाच्या ठरतात. झाडांच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले जातात. प्रकाश सापळेही लावतात. भुंगेरे उडून शेजारच्या शिवारात जात असल्याने हे काम एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही, गावाने मिळून करावे लागते. मेटारायझियम ही अळीला रोगग्रस्त करणारी बुरशी ओलसर मातीत उपयुक्त ठरते. खोल नांगरटीने उघड्या पडलेल्या अळ्या बगळे व कावळे वेचतात. शेणखत पूर्ण कुजलेले वापरावे लागते.

== तत्सम कीटक ==
उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील प्लिओकोमा प्रजातीचे भुंगेरेही पावसातच बाहेर पडतात. मात्र तेथे तो पाऊस शरद व हिवाळ्यातील असतो. त्यांतील केवळ नर उडतात. मादी उडू शकत नसून बिळातच नराची वाट पाहते. प्रौढ भुंगेरे काहीही खात नाहीत, अळी असताना साठवलेल्या चरबीवर जगतात. त्यांच्या अळ्यांची वाढ पूर्ण होण्यास अनेक वर्षे लागतात.