कर्णा, कॅसेट आणि गोधडी

घरी गाणे रेकॉर्ड करायचे म्हटले की हल्ली पहिला प्रश्न येतो तो माइकचा. कुठला घेऊ, किती हजारांचा घेऊ! घरात बरा फोन असतो, गाणारा गळा असतो, पण "साधन नाही" म्हणून काम अडून राहते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक सवय लागली आहे. प्रश्न पडला की आधी मागे बघायचे, आपल्याआधीच्या लोकांनी काय केले ते. तर चला मंडळी, थोडे मागे जाऊ.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आला होता. तिथे स्टुडिओ कुठला असायला! एका हॉटेलातल्या खोल्यांमध्येच त्याने बस्तान मांडले आणि तिथे गौहरजान गायल्या. माइक नाही, वीज नाही. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी तबकडी. गळ्यातून निघालेल्या हवेच्या जोरानेच पडदा हलायचा आणि सुई रेघ कोरायची.

आवाज लहानमोठा करायची कळच नव्हती. मग करायचे काय? अंतर सांभाळायचे. हळू स्वर आला की तोंड कर्ण्याजवळ न्यायचे, वरचा स्वर आला की मागे सरायचे. त्या काळात नवख्या गायकाला खांद्याला धरून मागेपुढे करायला शेजारी माणूस उभा असे! व्हायोलिनचा आवाज पुरेना म्हणून स्ट्रो नावाच्या गृहस्थाने व्हायोलिनलाच कर्णा बसवला होता. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे. शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे कोणते हे कळायला हवे.

सांगायचा मुद्दा असा, की कोरलेली रेघ नंतर दुरुस्त करता येत नव्हती. जी काही सुधारणा करायची ती गाणे सुरू होण्याआधी.

१९२५ च्या सुमारास विजेवरचे रेकॉर्डिंग आले. माइकमुळे हलक्या आवाजातही गाता येऊ लागले. पण माइकचे कान फार तिखट. तो गळ्याबरोबर खोलीही ऐकतो. याचे गणित सोपे आहे. तोंड आणि माइक यांच्यातले अंतर दुप्पट केले की थेट पोचणारा आवाज चौथाईवर येतो, भिंतींवरून परतणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणूनच टेबलावर लांब ठेवलेल्या फोनमध्ये न्हाणीघरात गायल्यासारखे ऐकू येते. इथे महागडा माइक आणला तर तो तीच न्हाणी जास्त स्पष्ट ऐकवील!

पुढे १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि १९७९ मध्ये टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरता येतील असे छोटे यंत्र काढले. स्टुडिओच्या खर्चापुढे ते काहीच नव्हते. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने न्यू जर्सीतल्या राहत्या घरी, झोपायच्या खोलीत, हे यंत्र आणि दोन साधे माइक घेऊन गाणी भरली. केवळ कच्चा खर्डा म्हणून. नंतर वादकांना घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटमधले जे होते ते काही येईना. अखेर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' हा संग्रह निघाला. अलीकडचे म्हणाल तर बिली आयलिश ही मुलगी भावाच्या खोलीत पलंगावर बसून गायली आणि जानेवारी २०२० मध्ये तिला ग्रॅमीचे सर्वात मोठे चारही मान मिळाले.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी गावांत जाऊन, बायका जिथे राहतात तिथेच ध्वनिमुद्रित झाल्या. तिथे कसला आलाय स्टुडिओ!

हे सगळे मी आत्ताच का घेऊन बसले? आमच्या आईचा आवाज कुठेच नाही. ती १९७१ साली गेली, तेव्हा घरात रेडिओसुद्धा नव्हता. तिच्या ओव्या आता फक्त अक्काच्या तोंडी आहेत आणि अक्का चौऱ्याऐंशीची आहे. म्हणून गेल्या महिन्यापासून आम्ही दोघी बसतो आहोत. नातवाचा फोन, बाकी खर्च शून्य.

दोरीवर दोन गोधड्या टांगल्या, पाठीमागे साड्यांचे कपाट उघडे ठेवले. मऊ कापड आवाज पिऊन टाकते. पंखा बंद, फ्रिजचे बटण तेवढ्यापुरते बंद, वेळ पहाटेची. फोन तोंडापासून एक वीत, तोही समोर नाही, जरा बाजूला. समोर धरला तर प, फ, भ आले की हवेचा फटका बसतो. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून मधे धरला की तो फटका आणखी कमी होतो.

तरी पहिल्या दिवशी अक्का दोन ओव्यांतच अडली. म्हणाली, "अगं, जातं नाही तर ओवी कशी यायची?" मग मांडीवर उशी दिली आणि तिच्यावर हात गोल फिरवायला सांगितले. उशीचा आवाज होत नाही. हात फिरू लागला आणि ओव्या एकामागून एक येत गेल्या!

तिच्या बांगड्या वाजतात. नातू म्हणाला, "आजी, ते काढून टाकता येईल." मी नको म्हटले. तसे साफ करायला गेले की आवाजाचा जीवही थोडा जातो, आणि पंख्याची घरघर वेगळी, आईच्या लेकीच्या बांगड्या वेगळ्या.

असो. आत्तापर्यंत तेवीस ओव्या झाल्या. गौहरजानांकडून एक गोष्ट घेतली आहे, दर वेळी अक्का आधी स्वतःचे नाव, गाव आणि तारीख सांगते. आमच्या घराण्यातले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी मावशीच्या, आत्याच्या तोंडून आणखी कोणत्या ओव्या ऐकल्या आहेत ते जरूर कळवावे. आणि इतरांनी, घरात अशी कोणी अक्का असेल तर, या रविवारीच गोधड्या काढाव्यात.