कारवानी कुत्रा
दख्खनच्या पठारावरील शिकारी कुत्र्याची देशी जात. इंग्रजी नाव कॅरव्हान हाउंड. कर्नाटकात मुधोळ हाउंड. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि सडपातळ लांब पाय ही ठेवण ग्रेहाउंडची आठवण करून देते. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर सावज धरतो. आखूड केसांचा तो कारवानी; कान-शेपटीवर झालरीसारखे केस असलेला तो पश्मी. लातूर परिसरात ही जात विशेष जपली गेली.

मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी पैदाशीला आश्रय दिला. पंचम जॉर्ज यांना त्यांनी जोडी भेट दिल्याचे सांगतात. २००५ मध्ये या जातीवर टपाल तिकीट निघाले.

इंग्लंडमध्ये १९२७ पासून इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी ही शर्यत जिंकणाऱ्या प्रशिक्षकांची नावे नोंदली गेली. कारवानीच्या बाबतीत मात्र मालकच प्रशिक्षक. मोकळ्या माळावर पळवणे, आहार सांभाळणे आणि जोडी निवडणे हे ज्ञान घरातच शिकले गेले, म्हणून ते लिखित इतिहासाबाहेर राहिले. ही मोठी हानी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे काम घटत गेले. आता हा कुत्रा मुख्यतः राखणीसाठी पाळतात.