इस्पितळ आणि घर यांच्यामध्ये



मनाचा आजार बरा कसा करावा, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे. बरा झालेला माणूस जाणार कुठे, हा प्रश्न मात्र आपणा सर्वांचा आहे. आणि त्याचा इतिहास हा बव्हंशी पैशाचा इतिहास आहे. सरकारी तिजोरीतून पैसा कशासाठी निघाला आणि कशासाठी निघाला नाही, एवढे पाहिले म्हणजे आजची अडचण पुष्कळशी उलगडते.

आपला भंडारा जिल्हा पूर्वी मध्यप्रांतात होता. तो प्रांत १८६१ साली बनला आणि तीनच वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपूरला मनोरुग्णांचे इस्पितळ निघाले. आपल्याकडचे लोक त्याला ‘पागलखाना’ म्हणत आले, आणि ‘त्याला नागपूरला नेले’ एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे विचारीत नसे. त्यामागे १८५८ चा कायदा होता. रस्त्यावर भटकणाऱ्या, धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे आणि मॅजिस्ट्रेटने त्याला आत पाठवावे, ही त्याची रीत. १९१२ साली नवा कायदा आला, पण दाराची दिशा तीच राहिली. आत जाण्याची वाट कलमे लिहून बांधली गेली; बाहेर येण्याची वाट नातेवाइकांच्या दयेवर सोडली गेली.

या व्यवस्थेत सरकार खर्च करीत नव्हते असे नाही. भिंती, खाटा, पहारेकरी, धान्य, कपडे यांसाठी अंदाजपत्रकात खाते होते. रत्नागिरी, ठाणे, येरवडा येथेही अशी इस्पितळे उभी राहिली, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा ही चारही राज्याच्या वाट्याला आली. परंतु इस्पितळातून निघालेल्या माणसाने काही महिने कुठे राहावे, औषध वेळेवर कोणी द्यावे, कामाची सवय पुन्हा कशी लागावी, यासाठी खातेच नव्हते. जे खात्यात नाही ते कचेरीच्या दृष्टीने जगातच नाही!

ही मधली जागा कशी असावी, याचे एक जुने उदाहरण बेल्जियममध्ये आहे. तेथील गील नावाच्या गावात कित्येक शतके सामान्य कुटुंबे मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारने त्यावर देखरेख सुरू केली. सांभाळणाऱ्या कुटुंबाला खर्चासाठी रक्कम मिळते. केवळ पुण्य म्हणून सुरू झालेली गोष्ट इतकी टिकली, याचे एक कारण तिच्या पाठीशी नियमित पैसाही आला. उलट उदाहरण अमेरिकेचे. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकीर्दीत कायदा झाला की मोठी इस्पितळे कमी करून गावोगावी केंद्रे काढावीत. पुढे इस्पितळे रिकामी झाली खरी, पण ठरलेल्या केंद्रांपैकी पुष्कळशी कधी उभीच राहिली नाहीत, आणि अनेक रुग्ण रस्त्यावर किंवा तुरुंगात पोचले. दार उघडले, पण दाराबाहेर अंगणच नव्हते.

आपल्या देशाला धक्का बसला तो २००१ च्या ऑगस्टमध्ये. तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २०१८ पासून तो लागू झाला. त्याच्या १९ व्या कलमाचा आशय असा की, घर नाही, घरचे स्वीकारीत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही इस्पितळात ठेवता येणार नाही; आणि मध्यमार्गी निवास, गटनिवास अशा सोयी सरकारने कराव्यात किंवा त्यांना साहाय्य द्यावे. हक्क स्पष्ट आहे. तथापि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले की, बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणे थांबवा. याचा अर्थ उघड आहे. कायदा होता, घरे नव्हती.

मग पैसा अगदीच नाही काय? आहे, पण तो अनुदानाच्या रूपाने आहे. दीनदयाळ पुनर्वसन योजनेत (हे नाव तिला २००३ साली मिळाले) उपचार होऊन स्थिर झालेल्या मनोरुग्णांच्या निवासाला साहाय्य देण्याची तरतूद आहे. ते मिळते स्वयंसेवी संस्थेला. संस्थेने अर्ज करावा, तपासणी व्हावी, शिफारस जावी, मंजुरी यावी, आणि पुढील वर्षी पुन्हा हेच. घरमालक मात्र भाडे दर महिन्याला मागतो, आणि औषध रोज लागते. सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला जे मिळते त्याला ‘मानधन’ म्हणतात. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा शब्द चांगला ओळखीचा आहे: जेथे मान जास्त सांगितला जातो, तेथे धन कमी असते. अपुऱ्या मोबदल्यावर माणूस टिकत नाही; आणि या कामात रोजचा ओळखीचा चेहरा हेच अर्धे औषध.

या ठिकाणी आपल्याच जिल्ह्यातील बिडी कामगारांचा अनुभव उपयोगी पडेल. १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. बिड्यांवर उपकर बसला आणि तो पैसा दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरे यांसाठीच राखला गेला. कारभारात दोष होते, पण निधीचा झरा ठरलेला होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, उपकर गेला, आणि कल्याणाची कामे अंदाजपत्रकातील तरतुदीवर विसंबू लागली. राखीव निधी हा कामगाराला आपला हक्क म्हणून मागता येतो. अनुदानासाठी दर वर्षी ओंजळ पसरावी लागते. मनोरुग्णाला तर संघटना नाही, मोर्चा नाही, मतांचा गठ्ठा नाही. त्याच्या वतीने ओंजळ पसरणार कोण?

म्हणून मागणी नेमकी हवी. निवासाचा खर्च इस्पितळाच्या खर्चासारखाच राज्याच्या अंदाजपत्रकात कायम खाते म्हणून यावा. मंजुरी एका वर्षाची न देता निदान तीन वर्षांची द्यावी, आणि सांभाळ करणाऱ्याला कायद्याप्रमाणे वेतन मिळावे. जिल्हा नियोजनातून भंडाऱ्यात एखादे लहान घर निघाले, तरी मोहाडी-तुमसरच्या माणसाला नागपूर आणि रस्ता यांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही.

आणि एक गोष्ट सरकारकडे मागून मिळणारी नाही. उद्या असे घर आपल्या गल्लीत निघाले, तर खोली भाड्याने कोण देईल? आंधळगावच्या मागावर, धानाच्या रोवणीत, किराणा दुकानात त्या माणसाला काम कोण देईल? तिजोरीचे कुलूप उघडण्यासाठी आपण भांडू. पण आपल्या दाराचे कुलूप आपल्यालाच काढावे लागेल.