मिठाईच्या खोक्याची कुळकथा

दिवाळी सरली कीं घरोघर फळीवर मिठाईच्या रिकाम्या खोक्यांची चळत उभी राहते. आंतील पदार्थांचें गुणवर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मला आज त्या खोक्यांच्या कुळाविषयीं दोन शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्याकडे पूर्वीं मिठाई पानांच्या द्रोणांत नाहीं तर रद्दीच्या पुड्यांत मिळे. द्रोणाचें उकिरड्यांत खत होई. पुडीचा दोरासुद्धां गुंडाळून ठेवीत. टाकण्यासारखें मागें उरतच नसे.

पत्र्याच्या डब्याची कथा मात्र विलायतेची. बोअर युद्ध चालू असतां, १९०० सालच्या नववर्षाची भेट म्हणून, व्हिक्टोरिया राणीनें दक्षिण आफ्रिकेंतील आपल्या शिपायांस चॉकलेट धाडण्याचें मनांत आणिलें. काम आलें कॅडबरी, फ्राय व राउंट्री या तीन कारखानदारांकडे. तिघेही क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाचे विरोधी! राणीस नाहीं म्हणवेना, आणि युद्धावर नफा घेणें मनास पटेना. अखेर त्यांनीं किंमत घेतली नाहीं, व डब्यांवर आपलें नांवही घातलें नाहीं. असे सुमारें लाखभर डबे गेले. चॉकलेट संपलें, पण डबे शिपायांनीं चीजवस्तु ठेवण्यास जपले. कांहीं अद्यापि पदार्थसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. पुढें दुसऱ्या महायुद्धांत त्याच देशांत १९४२ च्या जुलईपासून मिठाईवरच नियंत्रण आलें, तें १९५३ च्या फेब्रुवारींत उठलें. त्या युद्धकाळांत कागद आणि पत्रा घरोघरून गोळा होत असे.

आजचें खोकें म्हणजे पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा, जरीची फीत आणि आंत कप्प्यांची तबकडी; सारें एकमेकांस चिकटलेलें! पुठ्ठा भिजवून त्याचा लगदा होतो व नवा कागद निघतो. परंतु तूप मुरलें असलें तर तंतू नीट जुळत नाहींत. धातूला ही अडचण नाहीं. जुनें ॲल्युमिनिअम वितळविण्यास, नवें घडविण्यास लागते तिच्या विसाव्या हिश्शाइतकीच शक्ति पुरते. चंदेरी वेष्टन मुठींत चुरगाळून पाहावें. तसेंच राहिलें तर ॲल्युमिनिअम, फुलून उलगडलें तर चमक दिलेलें प्लास्टिक. मुलांना ही परीक्षा फार आवडते, असा माझा शिक्षकी अनुभव आहे.

पुण्यांत १९९३ सालीं कचरा वेचणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तिचें नांवच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नांवांत तुपकट खोक्याला जागा नाहीं, हें आपण ध्यानांत घेत नाहीं. वरणभाताच्या खरकट्यांत पडलेल्या पुठ्ठ्याचा भाव त्या बाईस कोणी देत नाहीं. तो निवडतांना हात मात्र तिचेच भरतात.

तेव्हां मिठाई संपतांच फीत सोडवून ठेवावी, तबकडी वेगळी काढावी. तळ तुपकट झाला असेल तर निदान झाकण फाडून रद्दींत घालावें. तें बहुधा कोरडें असतें, आणि खोक्याचा जवळजवळ निम्मा पुठ्ठा त्यांतच असतो.