जंजिऱ्याची टांकसाळ

कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे ८०० शिपायांची तुकडी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकली. जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. या लढाईविषयी, तीत लढलेल्या महार शिपायांविषयी व भीमेकाठच्या जयस्तंभाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हांस येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. पुण्याची सत्ता बुडाली, तेव्हा कोकणच्या समुद्रातील सिद्दीचा धनी कोण झाला?

'धनी' हा शब्द आम्ही मुद्दाम योजला. सिद्दीला तो रुचला नसता. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल असे तीन धनी त्याने पाहिले, परंतु राजपुरीच्या खाडीतील किल्ला कोणाच्याही हाती दिला नाही. शिवाजी महाराजांनी शेजारी पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी वेढा घातला. किल्ला पडला नाही. बाळाजी विश्वनाथ भट हे सिद्दीच्या अमलातील श्रीवर्धनचेच. सिद्दीच्या जाचामुळे हे घराणे देशावर आले, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या जंजिरा-मोहिमेत घरचाही काही हिशेब असावा असे वाटते. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी सात यास ठार केले. सिद्दीचे बळ मोडले, बेट मात्र राहिले.

अशा या सिद्दीचे सार्वभौमत्व इंग्रजांनी कसे घेतले? तोफ न डागता. १८१८ नंतर कित्येक वर्षे त्यांनी अंतर्गत कारभारात हात घातला नाही. १८३४ मध्ये संस्थान ब्रिटिश सत्तेच्या अधीन असल्याचे जाहीर केले आणि तेथील टांकसाळ बंद केली. नाणे हिणकस आहे, हे कारण. कारण खरेही असेल. पण नाणे पाडण्याचा हक्क गेला, की राजा उरतो तो नावाचा. तरीही १८६८ च्या सुमारापर्यंत तेथे पोलिटिकल एजंट नव्हता. मग नबाबाच्या कारभारातील अंदाधुंदी पुढे करून पोलीस आणि फौजदारी न्याय एजंटाकडे गेले. महसूल नबाबाकडे, तुरुंगाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे! अकरा तोफांची सलामी तेवढी राहिली.

आजही जगात अशी अर्धस्वतंत्र बेटे आहेत. जर्सी आणि आइल ऑफ मॅन स्वतःचे कायदे करतात, नोटा काढतात. संरक्षण मात्र ब्रिटनकडे. कुक बेटांचा न्यूझीलंडशी १९६५ पासून असाच संबंध आहे. मग जंजिरा तसा का उरला नाही? संस्थानाचा बहुतेक मुलूख किनाऱ्यावर होता, हे एक कारण. दुसरे आम्हांस अधिक वजनाचे वाटते. तेथील स्वराज्य नबाबाचे होते, प्रजेचे नव्हते. १९४८ च्या जानेवारीअखेर मोहन धारियांसारखे तरुण मुक्तीसाठी उठले, तेव्हा नबाबाची स्वायत्तता राखावी असे म्हसळे-श्रीवर्धनच्या रयतेस वाटण्याचे कारण नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच महिन्यात, २३ तारखेस, डेन्मार्कने फेरो बेटांना स्वराज्याचा कायदा दिला. तेथे तो चालविण्यास लोकांची सभा होती.

औरंगजेबाच्या काळापासून १७३३ पर्यंत रायगड सिद्दीकडे होता. १९८१ पासून मुरूड-जंजिरा ज्या जिल्ह्यात आहे, त्याचे नाव रायगड.