अल्पज्ञानातील आत्मविश्वास

अल्पज्ञानातील आत्मविश्वास म्हणजे एखाद्या विषयाची तुटपुंजी माहिती असतानाही त्याविषयी ठाम मत बाळगण्याची आणि ते मत ज्ञानावर आधारलेले आहे असे प्रामाणिकपणे मानण्याची प्रवृत्ती होय. ही लबाडी नव्हे. बोलणाऱ्याला स्वतःच्या माहितीतील उणीव दिसतच नाही. मानसशास्त्रात तिचा अभ्यास मुख्यतः ‘डनिंग-क्रुगर परिणाम’ आणि ‘स्पष्टीकरणाच्या खोलीचा भ्रम’ या दोन संकल्पनांच्या आधारे झाला आहे.

परंपरेतील संज्ञा

भर्तृहरीने नीतिशतकात अशा माणसाला ‘ज्ञानलवदुर्विदग्ध’ म्हटले आहे. ज्ञानाच्या कणभर प्राप्तीने जो स्वतःला पंडित समजतो, त्याची समजूत घालणे ब्रह्मदेवालाही जमत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणे’ हा मराठी वाक्प्रचार याच अर्थाचा. रामदासांच्या दासबोधातील ‘पढतमूर्ख’ मात्र वेगळा: त्याच्याजवळ विद्या असते, आचरण नसते. या दोहोंची गल्लत अनेकदा केली जाते.

प्रयोग आणि कारणे

जस्टिन क्रुगर व डेव्हिड डनिंग यांनी कॉर्नेल विद्यापीठात विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेऊन १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत खालच्या चतुर्थांशातील व्यक्ती प्रत्यक्षात सरासरीने १२व्या शतमकावर होत्या, म्हणजे १०० पैकी सुमारे १२ जणच त्यांच्या मागे होते. त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज मात्र ६२व्या शतमकाचा होता. व्याकरण शुद्ध लिहिण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच स्वतःची चूक ओळखण्यासाठीही लागते, असे कारण त्यांनी दिले. तर्काचे थोडे शिक्षण दिल्यावर याच व्यक्तींना आपली मूळ कामगिरी अधिक अचूक जोखता आली.

या निष्कर्षावर आक्षेपही आहेत. अंदाजातील परिणामाचा काही भाग केवळ संख्याशास्त्रीय असू शकतो, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले आहे. अज्ञानाच्या शिखरावरून दरीत उतरणारी जी वक्ररेषा लोकप्रिय आहे, ती मूळ शोधनिबंधात नाही. या विषयावर बोलताना तीच रेषा पुराव्यादाखल दाखवली जाते, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

लिओनिड रोझेनब्लिट व फ्रँक काइल यांचा २००२ मधील प्रयोग अधिक बोलका आहे. कुलूप, चेन यांसारख्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती समजते, याला सहभागींनी आधी गुण दिले. नंतर त्यांना ती क्रिया टप्प्याटप्प्याने लिहावयास सांगितले. लिहिल्यानंतर त्यांनीच आपले गुण कमी केले. देशांच्या राजधान्यांविषयी असा भ्रम कमी आढळला, कारण राजधानी आठवते किंवा आठवत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र रोजचा परिचय आणि समज यांतील फरक जाणवत नाही.

वाशीम जिल्ह्यातील उदाहरणे

पृथ्वीची मध्यरेषा वाशीम शहरातून जाते, अशी समजूत तेथील मध्यमेश्वर मंदिराशी जोडलेली आहे. ती निराधार नाही. पहिल्या भास्कराच्या ‘महाभास्करीय’ या सातव्या शतकातील ग्रंथात उज्जयिनीच्या मध्यरेषेवरील स्थानांमध्ये वात्स्यगुल्माचे, म्हणजे आजच्या वाशीमचे, नाव येते. परंतु गोलाच्या पृष्ठभागाला ‘मध्य’ नसतो. कोणतीही उत्तर-दक्षिण रेषा गणनेसाठी मध्यरेषा म्हणून निवडता येते. १८८४ मध्ये ग्रीनिचची रेषा अशीच संकेताने ठरली. शिवाय उज्जैन सुमारे ७५.८ आणि वाशीम सुमारे ७७.१ पूर्व रेखांशावर असल्याने दोन्ही रेषांत जवळपास १४० किलोमीटरचे अंतर पडते. प्राचीन ज्योतिर्विदांना रेखांश काढण्यासाठी चंद्रग्रहणाच्या स्थानिक वेळांची तुलना करावी लागे. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने वेळ मोजण्यातील पाच-सहा मिनिटांच्या चुकीनेही एवढा फरक पडतो. मध्यरेषेचे विधान अनेकांना पाठ असते. मध्यरेषा म्हणजे काय, हे विचारले की उत्तर अडते.

या समजुतीने कोणाचे नुकसान होत नाही. सोयाबीनच्या शिवारात तसे नसते. वाशीम हा प्रामुख्याने सोयाबीन पिकवणारा जिल्हा आहे, आणि पावसाळ्यात पीक पिवळे पडू लागले की बांधावर निदान आणि औषध दोन्ही लगेच ठरतात. वस्तुतः पिवळेपणा हे एकच लक्षण अनेक कारणांनी दिसते. पिवळा मोझॅक हा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग आहे. त्यात पानावर पिवळे-हिरवे चट्टे उमटतात. लोहाची कमतरता असल्यास कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा हिरव्या राहतात. चुनखडीयुक्त, पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत हे विशेष घडते. नत्र कमी पडल्यास पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू होतो. मूळकूज झाली असेल तर पानांवरून निश्चित काही सांगता येत नाही, झाड उपटून मुळे पाहावी लागतात. विषाणूने ग्रासलेले झाड बुरशीनाशकाने बरे होत नाही; रोगट झाडे सुरुवातीलाच काढून पांढरी माशी आटोक्यात ठेवावी लागते. फवारणीचा खर्च वाया जातोच, शिवाय तेवढ्या दिवसांत माशी शेजारच्या शेतात पोचलेली असते.

गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतात एका औषधाने गुण आला, हा अनुभव खरा असतो. त्या वर्षीचा पिवळेपणा कशाचा होता, हे मात्र बहुधा कोणी तपासलेले नसते. अशा तपासणीसाठी व सल्ल्यासाठी रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे जाताना एखादे पान नव्हे, तर मुळांसकट उपटलेले झाड नेणे उपयुक्त ठरते.